गनिमी कावा आणि शुक्रवार संध्याकाळ

वीकांताला काहीतरी हलकंफुलकं लिहायचं असं ठरवलं होतं. सिंहगडावरचं पिठलं-भाकरी, नवीन फोन, गेला बाजार पुण्याचं ट्रॅफिक. पण शुक्रवारी हापिसात जे झालं ते डोक्यातून जात नाहीये, तेव्हा आज जरा तापलेलं वाचायला मिळेल. आवडलं नाही तर पुढच्या वीकांताला या, चहा पाजतो.

तर झालं असं. शुक्रवारी दुपारी चार-सव्वाचारला आमच्या मजल्यावर काही लोकांना एकेक करून 'छोट्या मीटिंग'ला बोलावलं. पंधरा मिनिटांची मीटिंग. गेलेला माणूस जागेवर परत आला नाही. लॅपटॉप तिथेच काढून घेतला, ओळखपत्र तिथेच जमा, बॅग सिक्युरिटीवाल्याने आणून दिली. साडेपाचपर्यंत आमच्या रांगेतल्या तीन खुर्च्या रिकाम्या. मजल्यावरचे एकूण अकरा लोक गेले. त्यात आठच महिन्यांपूर्वी लागलेली एक मुलगी होती. तिच्या टेबलावर अर्धवट प्यायलेला चहा तसाच, आणि खालच्या ड्रॉवरमधे तिचा डबा.

आता कंपन्या लोकांना काढतात, हे काही मला नवीन नाही. २००१ आणि २००८च्या कहाण्या सीनियर लोकांकडून ऐकल्यात, २०२० आणि २०२३ स्वतः बघितलंय. त्याबद्दल हा लेख नाही. लेख आहे तो नंतरच्या एका वाक्याबद्दल.

सहा वाजता आम्ही उरलेले चहाच्या मशीनपाशी जीव मुठीत धरून उभे होतो. साहेब आले. मराठीच आहेत, दिवाळीला ऑफिसात किल्ला वगैरे हौसेने करतात. आमचे पडलेले चेहरे बघून वातावरण हलकं करावं म्हणून म्हणाले, "बघितलंत ना, तीन आठवडे काम चालू होतं, पण एकालाही सुगावा लागू दिला नाही. गनिमी कावा!"

आणि सगळे हसले.

अस्मादिकही हसले. खोटं कशाला सांगू? ते हसू आलं भीतीने, पण आलं. हा लेख त्या हसण्याचं प्रायश्चित्त समजा हवं तर.

हसला नाही तो एकटा आमचा बाबूमोशाय. हा आमच्या टीममधला बंगाली मित्र, दहा वर्षं पुण्यात आहे, मराठी उत्तम बोलतो (आणि पुणेकरांना पुण्यातले शॉर्टकट सांगतो). खाली टपरीवर आल्यावर त्याने मला विचारलं, "तुम्ही ज्याला गनिमी कावा म्हणता, त्याला आमच्याकडे काय म्हणतात माहितीये? बर्गी. आई झोपवताना भीती घालायची, झोप नाहीतर बर्गी येतील. मला लहानपणी वाटायचं, बर्गी म्हणजे राक्षस. पुण्यात आल्यावर कळलं, बर्गी म्हणजे तुम्ही लोक."

म्हटलं, चला. एका संध्याकाळी एकाच शब्दावर दोन्ही बाजूंनी हल्ला. शनिवार सकाळ त्यातच गेली.

आधी शब्द उघडून बघू. 'गनीम' हा अरबी-फारसीतून आलेला शब्द, अर्थ शत्रू, लुटारू. 'गनीमत' म्हणजे लढाईत मिळालेली लूट, तीही त्याच घरातली. मोगलांच्या फारसी इतिहासांत मराठ्यांचा उल्लेख 'गनीम' म्हणून येतो. आणि आपल्या जुन्या कागदांत गनीम म्हणजे समोरचा, म्हणजे बऱ्याचदा मोगलच. 'कावा' हा मूळचा घोड्याचा शब्द. घोड्याला गोल गोल फिरवणं, मंडळ देणं, वळवणं म्हणजे कावा. त्यातून पुढे वळसा, हुलकावणी, डाव असे अर्थ आले आणि आणखी पुढे 'कावेबाज' हा थेट नकारार्थी शब्द तयार झाला.

म्हणजे 'गनिमी कावा'चा शब्दशः अर्थ काय? शत्रूची हुलकावणी. आता जरा थांबून बघा. आपण स्वतःच्या पराक्रमाला जे नाव देतो ते समोरच्याच्या तंबूतून बघितल्यासारखं आहे. मोगल सरदार वैतागून म्हणेल, 'हा काय गनिमाचा कावा!' आणि ती शिवी आपण उचलून दागिन्यासारखी घातली. मला ही गोष्ट फार आवडते. दुबळा माणूसच असं करू शकतो. ज्याच्याकडे मोठं सैन्य आहे त्याला शिवीचा दागिना करावा लागत नाही.

इंग्रजीतला 'गुरिला' हा शब्द यापेक्षा अगदी वेगळा. तो स्पॅनिश, अर्थ 'छोटं युद्ध'. १८०८ ते १८१४ या काळात स्पेनचे लोक नेपोलियनच्या फौजांशी लढले तेव्हा तो युरोपभर झाला, म्हणजे शिवाजी महाराजांनंतर सव्वाशे वर्षांनी. त्या शब्दात लढाईचा आकार आहे. आपल्या शब्दात लढणाऱ्याची जागा आहे: कोण कुणाला गनीम म्हणतंय, कोण मोठा, कोण लहान. त्यामुळे 'गनिमी कावा म्हणजेच गुरिला वॉरफेअर' असं एका दमात म्हणून पुढे जाणाऱ्यांनी दोन्ही शब्दांवर अन्यायच केलाय.

आता प्रत्यक्ष प्रकरणं बघू. दोनच घेतो.

पहिलं उंबरखिंड. एक्सप्रेसवेने मुंबईला जाताना खोपोलीच्या आसपास तुम्ही वडापावसाठी थांबता ना, तिथून ही जागा फार लांब नाही. १६६१चा फेब्रुवारी. शाइस्तेखान पुण्यात येऊन बसलेला. त्याने कारतलबखानाला कोकणात उतरायला पाठवलं. बरोबर रायबागन होती, भलीथोरली फौज होती. सह्याद्रीतून खाली उतरणारी वाट, दोन्ही बाजूंना डोंगर, गर्द झाडी, मधे अरुंद खिंड. पूर्ण फौज आत शिरेपर्यंत मराठे गप्प बसले आणि मग पुढचं-मागचं दोन्ही तोंडं बंद. पाणी नाही, वळायला जागा नाही. शेवटी कारतलबखानाने शरणागती पत्करली, खंडणी दिली आणि महाराजांनी त्याला जाऊ दिलं. परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात हा प्रसंग आहे.

'जाऊ दिलं' हे दोन शब्द अधोरेखित करा. सापळ्यात सापडलेल्या फौजेला कापून काढलं नाही. काम काय होतं? कोकण वाचवणं. ते झालं. विषय संपला.

दुसरं लाल महाल. ५ एप्रिल १६६३ची रात्र, रमजानचा महिना. शाइस्तेखान तीन वर्षं मुलखात ठाण मांडून होता. १६६०मधे फिरंगोजी नरसाळ्याने चाकणचा किल्ला पन्नासावर दिवस झुंजवला होता (आज त्याच चाकणला आपले मित्र गाड्यांच्या कारखान्यात शिफ्ट करतात), तरी शेवटी तो पडलाच. उघड्या मैदानात या फौजेपुढे निभाव लागणं शक्य नव्हतं. मग महाराज मोजकी माणसं घेऊन स्वतः आत शिरले. ज्या वाड्यात लहानपण गेलं त्याच वाड्यात. खानाची बोटं गेली, त्याचा मुलगा मारला गेला. अंधारात जनानखान्यातल्या बायकाही मेल्या-जखमी झाल्या, हे आपल्या पोवाड्यांत येत नाही, पण इतिहासात आहे आणि ते सांगायला हवं. रात्रीच्या हल्ल्याची ही किंमत असते आणि ती नेहमी कुणीतरी भलतंच माणूस चुकवतं.

या दोन्हींत समान काय? लोक म्हणतील, 'आश्चर्याचा धक्का'. आमचे साहेबही तेच म्हणाले. सुगावा लागू दिला नाही, म्हणून गनिमी कावा. माझं म्हणणं, हे चूक आहे. धक्का हे फक्त साधन. धक्का तर चोरही देतो, सापही देतो आणि इन्कम टॅक्सवालाही देतो. गनिमी काव्याच्या अटी दोन आहेत. एक, करणारा बळाने कमी असला पाहिजे, इतका की उघड लढला तर संपेल. दोन, ज्याच्यावर हल्ला होतो तो हत्यार घेऊन आलेला असला पाहिजे, शक्यतो तुमच्याच घरात. आणि माझ्या प्रोग्रामर बांधवांनो, या दोन अटींच्या मधे 'अँड' आहे, 'ऑर' नाही.

साहेबांची शुक्रवारची कामगिरी या अटींवर घासून बघा. एका बाजूला हजारो माणसांची कंपनी, वकील, एचआर, सिक्युरिटी, तीन आठवड्यांची तयारी. दुसऱ्या बाजूला आठ महिन्यांची नोकरी असलेली मुलगी, जिच्या हातात हत्यार म्हणाल तर चहाचा कप. पहिली अट नापास, दुसरी अट नापास. आता सांगा, यात गनीम कोण?

हा रोग काही आमच्या साहेबांपुरता नाही. गेली पंचवीस वर्षं आपल्याकडे महाराजांवरून मॅनेजमेंट शिकवण्याची टूम आहे. प्रोजेक्टरवर रायगडाचा फोटो, खाली बुलेट पॉइंट: प्रतिस्पर्ध्याला गाफील पकडा. समोर बसलेली कंपनी बाजारात पहिल्या नंबरवर आणि तिला शिकवतायत गनिमी कावा! अहो, पहिल्या नंबरवाल्याने गनिमी कावा करायचा म्हणजे शाइस्तेखानाने महाराजांवर करण्यासारखं आहे. त्याला त्याची गरजच नसते. त्याने तो केला तर त्याला मराठीत दुसरे शब्द आहेत, त्याकडे येतोच.

सप्टेंबर २०१६नंतर 'सर्जिकल स्ट्राइक' हा शब्द असाच घराघरात घुसला. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला रात्री आठ वाजता नोटाबंदी जाहीर झाली आणि चार तासांत ५०० आणि १०००च्या नोटा बाद झाल्या, तेव्हा तिलाही लोक 'काळ्या पैशावरचा सर्जिकल स्ट्राइक' म्हणत होते. नोटाबंदी बरोबर की चूक यावर तुमचं-माझं भांडण होऊ शकेल, तो विषय आज नाही. मुद्दा शब्दाचा. लढाईचा शब्द वापरला की समोर शत्रू आहे असं आपोआप ठरतं. मग रांगेत उभी राहिलेली आपलीच आजी कुठल्या बाजूला, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

गंमत म्हणजे जिथे हा शब्द शोभतो तिथे आपली वर्तमानपत्रं तो बरोबर वापरतात. 'पोलिसांना गुंगारा देत आंदोलक गनिमी काव्याने मंत्रालयाच्या दारात' अशी बातमी तुम्ही कितीतरी वेळा वाचली असेल. पन्नास शेतकरी, पाचशे पोलीस. बरोबर आहे की नाही? बातमीदाराला अटी कुणी शिकवल्या नाहीत, त्याच्या कानाला त्या कळतात. तो कधी 'पोलिसांनी गनिमी काव्याने आंदोलकांना उचललं' असं लिहीत नाही. तिथे तो 'धरपकड' लिहितो.

आता विरोधी पक्षाचं म्हणणं ऐकू (पेठेत राहतो, विरोधी पक्ष घरातच असतो). काही विद्वान म्हणतील, रात्री झोपलेल्यांवर हल्ला म्हणजे कपटच, त्याला कितीही गोंडस नाव द्या. याचं उत्तर आपल्या साहित्याने कधीच देऊन ठेवलंय.

महाभारताच्या दहाव्या पर्वाचं नाव सौप्तिक पर्व. 'सुप्त' म्हणजे झोपलेला, त्यावरून. युद्ध हरलेलं आहे. कौरवांकडून तीनच उरलेत: अश्वत्थामा, कृपाचार्य, कृतवर्मा. समोर विजयी छावणी. दुबळेपणाची अट शंभर टक्के पास! कृपाचार्य सांगतात, झोपलेल्यांवर हत्यार उचलणं हा धर्म नाही, सकाळपर्यंत थांब. अश्वत्थामा ऐकत नाही. रात्री छावणीत शिरून धृष्टद्युम्नाला आणि द्रौपदीच्या पाचही मुलांना मारतो. त्यातून साध्य काय होतं? काहीच नाही. युद्ध संपलेलं, राज्य गेलेलं, ज्याच्यासाठी हे केलं तो दुर्योधन शेवटच्या घटका मोजतोय. आणि मारलेल्यांपैकी बहुतेक जण सकाळी कुणावर चालून जाणार नव्हते. महाभारत त्याला माफ करत नाही. आणि आपली मराठी लोककथा तर त्याहून कडक: कपाळावरची जखम घेऊन तो अजून फिरतोय, दारोदार तेल मागतोय. माझी आजी तेल सांडलं की त्याचं नाव घ्यायची.

म्हणजे नुसतं 'आम्ही दुबळे होतो' म्हणून चालत नाही. दुसरी अट आहेच. कुणावर आणि कशासाठी?

'मग सुरत?' असं कुणीतरी विचारणारच. विचारा ना. १६६४ आणि १६७०, दोनदा. सुरतेला पिढ्यान् पिढ्या आपण मराठीत 'सुरतेची लूट' म्हटलं. 'सुरतेचा गनिमी कावा' असं कुणी म्हटलेलं ऐकलंय? २०२४मधे या 'लूट' शब्दावरून राजकीय वादही झाला, म्हणे तो शब्द वापरू नका. मला उलट वाटतं. तो शब्द ठेवणारी मराठी प्रामाणिक होती. तिने लढाईला लढाई म्हटलं, लुटीला लूट म्हटलं, आणि तरीही महाराजांवरचं तिचं प्रेम तसूभर कमी झालं नाही. प्रेमासाठी शब्द बदलावे लागत नाहीत.

आणि त्या राज्याला दुसरी अट ठाऊक होती याचा कागद आहे. चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या फौजेला १६७०च्या दशकात लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. दाणा-वैरण जपून वापरा, नाहीतर पावसाळ्यात संपेल. मग तुम्ही कुणब्याच्या घरातून दाणे, भाकरी, गवत, लाकूड, भाजी उचलाल. मग लोकांना वाटेल की यांच्यापेक्षा मोगल परवडले. असा त्याचा आशय. विचार करा, शत्रू दारात, फौज दमलेली, आणि राजा भाजीचं बोलतोय. कारण त्याला माहीत होतं की गनिमी कावा रयतेच्या जिवावर चालतो. वाट कोण दाखवतं? खबर कोण आणतं? रात्री दार कोण उघडतं? ज्याच्या परसातली भाजी तुम्ही कालच उपटलीत तो नक्कीच नाही.

आता बाबूमोशायच्या बर्गीकडे येऊ. हा भाग आपल्याला शाळेत चार ओळींत गुंडाळून शिकवतात.

'बर्गी' हा आपलाच शब्द, 'बारगीर'. ज्याचा घोडा आणि हत्यार सरकारी, तो बारगीर. ज्याचा घोडा स्वतःचा, तो शिलेदार. हलक्या घोडदळाच्या या लढाईला दख्खनमधे 'बर्गीगिरी' म्हणत आणि मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ती मोगलांविरुद्ध वापरून त्यांना जेरीला आणलं. म्हणजे मूळ तोच कावा, तोच चपळ घोडा.

१७४२पासून नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालमधे शिरल्या, पुढे भास्करराम कोल्हटकर. चौथाईची मागणी. नवाब अलीवर्दीखान. नवाबाच्या फौजेला हुलकावणी देत ही घोडदळं खेड्यांवर पडत होती. जवळपास दहा वर्षं. भीती एवढी की १७४२मधे कलकत्त्याच्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, त्याचं नावच 'मराठा डिच'. १७४४मधे अलीवर्दीने भास्कररामला बोलणी करायला तंबूत बोलावलं आणि सरदारांसकट मारलं (याला मराठीत 'दगा' म्हणतात). १७५१मधे तह झाला: ओडिशा मराठ्यांकडे आणि वर्षाला बारा लाख रुपये चौथ.

त्याच सुमाराला गंगाराम नावाच्या कवीने बंगालीत एक काव्य लिहिलं. नाव काय असेल? 'महाराष्ट्र पुराण'! आपल्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकलंय? मी शनिवारपर्यंत ऐकलं नव्हतं. सुरुवातीला कवी म्हणतो की बंगालमधे पाप फार वाढलं, म्हणून शंकराने नंदीमार्फत शाहूराजाला प्रेरणा दिली. म्हणजे कवीने आपल्याला थेट देवाचं परवानापत्र दिलंय. आणि मग गावं पळताना दाखवतो. पंडित पोथ्यांची गाठोडी घेऊन पळतायत, सोनार तराजू-वजनं घेऊन पळतोय, बायका-पोरं, म्हातारे, सगळे. काहीजण तर बर्गी डोळ्यांनी न बघताच, बाकीचे पळतायत म्हणून पळतायत. त्यांच्यावर काय अत्याचार झाले तेही तो लिहितो, ते मी इथे टंकत नाही. शेवटी देवीच आपल्यावर कोपते. ज्या कवीने परवाना दिला, त्यानेच तो काढून घेतला.

आणि मग ते अंगाईगीत. त्यात बर्गी आहेत, धान्य खाऊन जाणारे पक्षी आहेत आणि आता सारा कुठून भरायचा ही चिंता आहे. अडीचशेहून जास्त वर्षं बंगाली आया हे म्हणून पोरांना झोपवतायत.

एक योगायोग बघा. लाल महालातून बोटं गमावून गेलेला शाइस्तेखान औरंगजेबाने कुठे पाठवला? बंगालला. तिथे तो वीसेक वर्षं सुभेदार होता आणि बंगालीत त्याचं नाव कशासाठी निघतं? स्वस्ताईसाठी! रुपयाला आठ मण तांदूळ, तो शाइस्तेखानाचा जमाना. आपला खलनायक त्यांच्याकडे स्वस्त तांदूळ आणि आपला बारगीर त्यांच्याकडे बागुलबुवा. इतिहास कुणाच्या परसातून बघता यावर भाजीचा देठ दिसतो की नाही ते ठरतं.

याचा अर्थ मराठे वाईट, असा काढू नका, तो बालिशपणा होईल. १६६१ची उंबरखिंड आणि १७४२चं बर्दवान यांत ऐंशी वर्षांचं अंतर आहे. घोडा तोच, वेग तोच, हुलकावणी तीच. मधे एवढंच झालं की आपण लहान होतो ते मोठे झालो. ज्यांच्यावर पडलो ते हत्यारबंद होते ते निहत्ते झाले. मग तोच कावा तोच राहिला नाही. नाव बदललं, आणि ते नाव बदलायचा हक्क मार खाणाऱ्याचा होता. त्यांनी तो वापरला.

आमचा साहेब नेमकं हेच विसरला. गनिमी कावा हा लहानाचा शब्द आहे. मोठं झाल्यावर तो परत करायचा असतो.

मोठ्यांसाठी मराठीत शब्द कमी आहेत का हो? एवढी श्रीमंत भाषा आहे. 'छापा' घ्या: दाबून ठसा उमटवणं. त्यातूनच छापखाना आला आणि पोलिसांचा छापाही. दोन्हीकडे वरून दाब येतो. 'धाड' घ्या, लुटारूंच्या टोळीसकट. 'झडप' घ्या, ससाण्याची. आणि सगळ्यांत नेमका 'घाला'. अपघाताच्या बातमीत आपण लिहितो, 'काळाने घाला घातला'. काळापुढे कुणाचं काही चालत नाही, म्हणून तिथे घाला. कुणी 'काळाचा गनिमी कावा' लिहील का? मग शुक्रवारी संध्याकाळी अकरा जणांवर जे पडलं त्याला सरळ घाला म्हणा. लोकांना काढणं कधी नाइलाजाचं असतं, मान्य. हिशोब जमत नसतील, मान्य. पण मग मान खाली घालून काढा. तीन आठवड्यांची गुप्तता ही शरमेची गोष्ट आहे, तिला फेटा बांधू नका.

शनिवारी संध्याकाळी मी तो डबा घेऊन त्या मुलीच्या पीजीवर गेलो. सिक्युरिटीने शुक्रवारी बॅग दिली, पण डबा राहिला होता, आणि सोमवारी हाऊसकीपिंगने तो फेकून दिला असता. घरी धुवून नेला. ती म्हणाली, "सर, आईने दिलेला होता, बरं झालं." मग म्हणाली, "मागून सगळे हसत होतात म्हणे चहापाशी?" कुणीतरी सांगितलं होतं तिला. मी हो म्हटलं. कशाला हसत होतो ते मात्र सांगायचं धाडस झालं नाही. शब्दांवर एवढं लांबलचक लिहिणाऱ्या माणसाला तिथे एक शब्द सुचला नाही.

उद्या सोमवार. चहाच्या मशीनपाशी साहेब भेटतीलच. मी त्यांना सांगणार आहे, "साहेब, तो गनिमी कावा नव्हता." ते बहुधा म्हणतील, "अरे, गंमत केली रे, मनावर काय घेतोस." म्हणोत. माझीही खुर्ची त्याच रांगेत आहे, हे मला नीट ठाऊक आहे. पण हसलो सगळ्यांसमोर होतो, तेव्हा बोलणंही सगळ्यांसमोरच झालं पाहिजे.

असो. फार झालं. पुढच्या वीकांताला पिठलं-भाकरी, नक्की.